सागवानी पेटी: कोपरे का उघडतात, झाकण का अडकतं, पॉलिश पांढरं का पडतं

प्रश्न थोडक्यात असा: हातहत्यारांनी दागिन्यांसाठी सागवानाची छोटी पेटी केली. चिकटवताना चौथ्या कोपऱ्यात फट राहिली, जुलैत झाकण अडकून बसलं आणि चपड्याच्या (लाखेच्या) पॉलिशवर पांढुरके डाग आले. पुढच्या पेटीत काय बदलावं?

दोष तीन असले तरी मूळ एकच आहे, कामाचा क्रम चुकला. लाकूड खोलीतल्या हवेला रुळण्याआधी कापलं, आतली बाजू पॉलिश न करताच पेटी चिकटवली, आणि बाहेर पाऊस असताना चपडा मारला, तर हाताला कितीही सफाई असली तरी पेटी अशीच होणार. म्हणून मापं आणि कृती त्याच क्रमाने देतो. पेटी धरली आहे बाहेरून २२० × १४० × ९० मिमी, भिंतीची जाडी १० मिमी, कोपरे ४५ अंशांचे. झाकण वेगळं करायचं नाही. सहाही बाजू बंद असलेली पेटी करून तिच्यातूनच झाकण कापून काढायचं.

आधी लाकूड. जुन्या वाड्याच्या चौकटीचं, दाराच्या फळीचं सागवान मिळालं तर त्याच्यासारखं काही नाही. ते पुरतं सुकलेलं असतं. फक्त त्यात तुटके खिळे दडलेले असतात. रंधा लावण्याआधी जोरदार लोहचुंबक सगळीकडून फिरवा, नाहीतर पात्याची धार पहिल्याच फटक्यात जाईल. नवं घ्यायचं तर वखारीत बल्लारशा किंवा सीपी (जुना मध्य प्रांत) म्हणून मिळणारा साग चांगला, पण फळीला एका कडेने पांढरा पट्टा असेल तर तो सोडून द्या. भुंगा आधी त्याच भागाला लागतो, आणि पॉलिशनंतर तो गाभ्याच्या रंगाशी कधीच जुळत नाही.

नवी फळी १२ मिमीवर उतरवून, मध्ये पट्ट्या घालून, ज्या खोलीत काम करणार त्याच खोलीत महिनाभर ठेवा. सुकली की नाही हे बघायला मीटर लागत नाही. दर चार दिवसांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून फळीवरच पेन्सिलीने लिहा. लागोपाठ तीन वजनं सारखी आली की लाकूड हवेला रुळलं. मग १० मिमीवर आणा. तीन-सव्वातीन सुतांची जाडी (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) अशा छोट्या पेटीला चांगली दिसते. बाजारात सहज मिळते म्हणून पाऊण इंची फळी वापरली तर पेटी ठोकळ्यासारखी दिसते.

आता झाकण अडकण्याचं गणित. हवेतली सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकूड साधारण ६ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं, ८० टक्के असेल तर १६ टक्क्यांच्या आसपास. विदर्भातला मे आणि कोकणातला जुलै यांच्यात एवढा फरक सहज पडतो. घरात कपाटात ठेवलेल्या पेटीला आठ टक्क्यांचा फरक धरा. सागवान मुळात कमी हलणारं लाकूड आहे. वलयांच्या दिशेने कापलेली साधी फळी ओलाव्यातल्या दर एक टक्क्याच्या फरकाला रुंदीत ०.१८ टक्क्यांच्या थोडी वर हलते, आणि टोकाकडून पाहिल्यावर जिच्यात वलयांच्या रेषा उभ्या दिसतात ती फळी जेमतेम ०.१ टक्का. झाकणाची पाटी १२६ मिमी रुंद असेल तर पहिल्या प्रकारात ती १.९ मिमी फुगेल, दुसऱ्यात १ मिमी. लांबीत मात्र लाकूड जवळजवळ हलत नाही. म्हणजे पाटीसाठी उभ्या वलयांची फळी निवडली की निम्मं काम तिथेच झालं. उरलेलं काम खाचेत सोडलेल्या जागेचं. पाटी चारी बाजूंनी चिकटवलेली असेल तर ती फुगताना कोपरे ढकलून उघडते. तुमच्या चौथ्या कोपऱ्यातली फट पावसाळ्यात वाढली असेल तर कारण हेच.

भिंतींसाठी ७८० मिमी लांब, ९५ मिमी रुंद अशी एकच फळी घ्या. आधी रंध्याने सपाट करून ९२ मिमी रुंदीवर आणा. दोन मिमी पुढे झाकण कापताना जातात. तुकडे करण्याआधीच, अखंड फळीवर आतल्या बाजूने दोन खाचा काढा, प्रत्येक ४ मिमी रुंद, ४ मिमी खोल, वरच्या आणि खालच्या कडेपासून ४ मिमी सोडून. खाचेचा रंधा असेल तर उत्तम, नसेल तर ट्रिमरला (खाच काढायचं विजेवरचं छोटं यंत्र) ४ मिमीचं बिट आणि कडेला मार्गदर्शक पट्टी. तुकडे झाल्यावर खाचा काढल्या तर चार खाचा एका पातळीत येत नाहीत आणि तळ तिरका बसतो. ४५ अंशांच्या कोपऱ्याचा इथे एक मोठा फायदा आहे. खाच टोकापर्यंत सरळ गेली तरी बाहेरून दिसत नाही. दातेरी सांध्यात तीच खाच बाहेर चौकोनी भोक होऊन डोकावते.

तुकडे ज्या क्रमाने कापाल त्याच क्रमाने ते पेटीत आले पाहिजेत: लांब, आखूड, लांब, आखूड. असं केलं की लाकडाची रेषा तीन कोपऱ्यांवरून सलग वळते. चौथ्या कोपऱ्यात ती जुळत नाही, तो मागे ठेवा. कापण्याआधी चारही तुकड्यांवर मिळून एक मोठा त्रिकोण खडूने काढून ठेवला तर नंतर गोंधळ होत नाही.

फट राहते ती इथे. प्रत्येक टोकाला अर्ध्या अंशाची चूक झाली आणि ती सगळीकडे एकाच बाजूची असली, तर आठ टोकांची मिळून चार अंश होते. तीन कोपरे दाबून बसवले की ती सगळी चूक चौथ्यात जमते. १० मिमी जाडीला तिरक्या कापाची लांबी १४ मिमी, म्हणून फट जवळपास १ मिमी. करवतीने नेमका ४५ अंश कोणालाच येत नाही आणि यायची गरजही नाही. करवतीने रेषेपासून अर्धा मिमी लांब कापा आणि उरलेलं रंध्याने उतरवा. त्यासाठी एक साधं साधन लागतं: सपाट प्लायवर ४५ अंशांचा ठोकळा स्क्रूने बसवायचा, तुकडा त्याच्या उतारावर टेकवायचा आणि रंधा आडवा पाडून प्लायवरून सरकवत टोकावरून न्यायचा. ठोकळ्याचा कोन कागदाची घडी सारून बारीक दुरुस्त करता येतो. परीक्षा अशी: दोन तुकडे उतरवून जोडा आणि आतून गुण्या लावा. प्रकाश दिसला तर जेवढा दिसतो त्याची निम्मी चूक ठोकळ्यात आहे. पात्याला मात्र त्या दिवशीची ताजी धार हवी. सागवानात सिलिका असते, ती धार इतर लाकडांपेक्षा लवकर खाते, आणि बोथट पातं टोकाचा छेद कापत नाही, चुरगळतं. चुरगळलेल्या छेदावर गोंद धरत नाही.

समोरासमोरच्या बाजू २२० मिमी आहेत की २१९.६ याने काही बिघडत नाही. त्या एकमेकींइतक्या असणं मात्र अनिवार्य आहे. दोन्ही एकत्र धरून, टोकावर नखाने तपासा. नखाला पायरी लागली की त्याच ठोकळ्यावर एक ढलपी आणखी.

तळाला ४ मिमी प्लाय घ्या, २०७ × १२७ मिमी. बाजारातलं ४ मिमीचं प्लाय प्रत्यक्षात बरेचदा त्याहून पातळ निघतं, म्हणून खाच काढण्याआधी ते मोजा आणि बिट त्याप्रमाणे निवडा. प्लाय हलत नसल्यामुळे तळ चारी बाजूंनी गोंद लावून बसवता येतो, आणि तसा बसवावाच. कमकुवत कोपऱ्यांना सगळ्यात मोठा आधार त्याचाच. वरची पाटी मात्र भरीव सागवानाची, ८ मिमी जाड, २०६ × १२६ मिमी. तिच्या चारी कडांना वरून ४ मिमी रुंद, ४ मिमी खोल पायरी काढा. उरलेली ४ मिमीची जीभ खाचेत जाईल आणि मधला भाग भिंतींच्या वरच्या कडेशी सपाट येईल. भोवती १ मिमीची बारीक रेघ दिसेल. ती राहू द्या, पुट्टीने भरू नका. हीच पाटीची फुगायची जागा. भर पावसाळ्यात काम करत असाल तर पाटी आधीच फुगलेली असते, तेव्हा १२७ मिमी घ्या. नाहीतर उन्हाळ्यात जीभ खाचेतून बाहेर डोकावेल.

आता बहुतेक जण जे उलटं करतात ते. चिकटवण्याआधी आतल्या सगळ्या बाजू, तळ आणि पाटीच्या दोन्ही बाजू, जिभेसकट, १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून त्यांवर चपड्याचे दोन हात द्या. आतला कोपरा बंद झाल्यावर तिथे पेपरही नीट पोचत नाही आणि बोळाही. शिवाय कोपऱ्यातून बाहेर आलेला गोंद चपड्यावर चिकटत नाही, सुकल्यावर पटाशीच्या टोकाने उडून येतो. उघड्या लाकडावर तोच गोंद पुसला तर पातळ थर रेषांत जातो आणि पॉलिशनंतर फिकट डाग होऊन उमटतो. पाटीची जीभ आधी पॉलिश करण्याचं कारण वेगळं: ती नंतर कोरड्या दिवसांत आकसली की पॉलिश न झालेली उघडी पट्टी दिसते. चपडा लावताना ४५ अंशांचे छेद आणि तळाची खाच कागदी टेपने झाका; गोंदाला तिथे कोरं लाकूड हवं. आतून अळशीचं तेल किंवा तेलकट वॉर्निश कधीही लावू नका. बंद पेटीत त्याचा वास वर्षानुवर्षं राहतो.

सागवान तेलकट आहे, म्हणून छेद उतरवले त्याच दिवशी चिकटवा आणि चिकटवण्याच्या तोंडावर ॲसिटोन किंवा थिनरच्या फडक्याने एकदा पुसा. चारही बाजू टेबलावर बाहेरची बाजू वर करून, टोकाला टोक भिडवून एका ओळीत मांडा, सांध्यांवर खाकी पॅकिंग टेप ताणून लावा. सगळी माळ उलटवा. आता वर तिरक्या खाचा दिसतील. छेदांवर आधी पाणी मिसळून पातळ केलेला पांढरा गोंद चोळा आणि पाच-सात मिनिटं थांबा; टोकाचा छेद गोंद पितो. हा हात वगळला की सांधा उपाशी राहतो आणि सहा महिन्यांनी उघडतो. मग नेहमीचा दाट गोंद, खाचेत तळ, वरच्या खाचेत पाटी, आणि माळ गुंडाळून शेवटचा कोपरा टेपने बंद. पाटीला गोंद फक्त आखूड बाजूंच्या मधोमध एकेक थेंब, ती मध्यभागी राहावी एवढ्यापुरता. लगेच दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे हवेत, सुमारे २६१ मिमी. फरक असेल तर लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांवर हाताने दाब द्या, पाच मिनिटांच्या आत. नंतर पेटी हलवू नका. चोवीस तास, पावसाळ्यात त्याहून अधिक.

तिरका सांधा नुसत्या गोंदावर सोडू नये. पेटी कोपऱ्यावर उभी धरून बारीक दातांच्या डोव्हटेल करवतीने प्रत्येक कोपऱ्यात आडव्या खाचा घ्या: वरून १५ मिमीवर एक, तळापासून २० आणि ४५ मिमीवर एकेक. खोली कोपऱ्याच्या टोकापासून १० मिमीच्या आत, नाहीतर करवत आत निघेल. खाचा एकाआड एक थोड्या वर आणि थोड्या खाली झुकवल्या तर पट्टी सांध्याला खरोखर अडकवून धरते. करवतीच्या खाचेइतकी पातळ शिसवी पट्टी रंध्याने काढा, गोंद लावून घाला. हाताच्या दाबाने जाईल एवढीच घट्ट हवी. मोगरीने ठोकावी लागली तर कोपरा फुटतो. सुकल्यावर जादा भाग कापताना पटाशी कोपऱ्यापासून आतल्या बाजूकडे चालवा, बाहेरच्या दिशेने नाही. तशी चालवली की पट्टीचं टोक सांध्यातून उपटून येतं.

झाकणासाठी वरून २८ मिमीवर मार्किंग गेजने (कडेला समांतर रेघ ओढायचं साधन) सगळीकडून रेघ ओढा आणि एका कोपऱ्यातून दुसऱ्याकडे थोडं थोडं करत चारी बाजू कापा, एकाच बाजूने आरपार जाऊ नका. दोन बाजू झाल्या की खाचेत पत्त्यांचे तुकडे सारून ठेवा, म्हणजे पेटी करवतीवर आवळत नाही. कापलेल्या कडा जाड काचेवर चिकटवलेल्या १२० नंबरच्या पेपरवर, आठच्या आकारात फिरवून सपाट करा. झाकण आणि पेटी दोन्हींवर पेन्सिलीच्या रेघा मारून ठेवल्या की कुठे उंच आहे ते आपोआप कळतं.

पहिल्या-दुसऱ्या पेटीला बिजागरी लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आतून ३ मिमी जाडीच्या पट्ट्यांचं अस्तर, टोकं ४५ अंशांत, कडेच्या वर ५ मिमी येईल असं, गोंद न लावता नुसतं घट्ट बसवा. झाकण त्यावर अलगद बसतं. अस्तराची वरची कड बाहेरच्या बाजूने किंचित उतरती करा आणि झाकणाला सगळीकडून पाव मिमी मोकळीक द्या. कोरड्या दिवसांत अगदी चपखल बसणारं झाकण पावसाळ्यात अडकणारच. अस्तरावर पॉलिशचा जाड थर दिला तरी तेच होतं. त्याला फक्त मेण लावा.

बिजागरी लावायचीच असेल तर पितळी, एक इंची, आणि घेताना हातात धरून हलवून बघा. मधल्या पिनेला खेळ असलेल्या बिजागऱ्यांनी झाकण कधीच सरळ बसत नाही. बिजागरी बंद करून जाडी मोजा; प्रत्येक बाजूची खाच तिच्या निम्म्या खोलीची. खाच जास्त खोल गेली तर झाकण मागे आपटून पुढून उघडं राहतं, उथळ राहिली तर मागे फट दिसते. खोल गेलेल्या खाचेत पोस्टकार्डाचा तुकडा घालून दुरुस्ती होते. टोकापासून ३५ मिमीवर बिजागऱ्या, स्क्रूसाठी दीड मिमीचं भोक. पितळी स्क्रू सागवानात सरळ फिरवला तर मान तुटते आणि तुकडा आत राहतो. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू मेण लावून फिरवा, काढा, मग पितळी. बिजागऱ्या बसवून बघा, पुन्हा काढा आणि पॉलिश पूर्ण झाल्यावरच कायमच्या लावा.

बाहेरून घासण्याआधी जमेल तेवढं काम स्क्रेपरने (खरवडायची पातळ पोलादी पट्टी) करा. जुने कारागीर काचेचा तुकडा वापरतात, तोही चालतो. मग १२०, १८०, २२०, प्रत्येक वेळी पेपर सपाट ठोकळ्याला गुंडाळून आणि रेषेच्या दिशेने. नुसत्या बोटांनी घासलं की कडा गोल होतात आणि पेटीचा नेटकेपणा जातो. २२० नंतर ओल्या फडक्याने हलकेच पुसा, सुकू द्या, उभे राहिलेले तंतू जुन्या २२० ने काढा. सागवानाची धूळ नाकाघशाला त्रास देते, मास्क लावा. पॉलिशवाले खडूची पूड आणि गेरू कालवून छिद्रं भरतात. सागवानावर ते टाळा. दोन-तीन वर्षांत ती पूड छिद्रांत पांढरी दिसायला लागते. छिद्रं उघडी राहिली तरी सागवान शोभतं.

चपडा बनवायला २०० मिली डिनेचर्ड स्पिरिट आणि २५ ग्रॅम चपडा, काचेच्या बरणीत. लोखंडी डब्यात तो काळपट पडतो. रात्रभर ठेवा, मधून हलवा, सकाळी मलमलीतून गाळा. बरणीवर तारीख लिहा. सहा महिन्यांहून जुनं द्रावण टाकून द्या, कारण चपडा स्पिरिटात राहून हळूहळू बदलतो आणि मग कधीच कडक होत नाही, बोटाचे ठसे धरत राहतो. शंका आली तर काचेवर थेंब टाका. दुसऱ्या दिवशी नख रुतलं तर द्रावण गेलं. पळसावरच्या लाखेचा चपडा लालसर असतो, कुसुमाच्या झाडावरच्या लाखेचा फिकट. सागवानाला मला दुसरा अधिक आवडतो. स्पिरिट विषारी आणि ज्वालाग्राही आहे, खिडकी उघडी आणि शेगडी बंद.

पहिले दोन हात फडक्याने, पातळ, एकदा गेलेल्या जागी परत न जाता. दोन तासांनी ३२० नंबरने अगदी हलकं. मग बोळा: आत कापूस, बाहेर जुनं धुतलेलं मलमल, सुरकुती नको. चपडा कापसावर ओता, मलमलीवर नाही, आणि कागदावर दाबून जादा काढा. पाण्यासारखा ओला बोळा खालचा थर विरघळवून ओढतो. दाबल्यावर ओलसर ठसा उमटावा इतपतच हवा. लिक्विड पॅराफिनचा एक थेंब बोळ्याच्या तोंडावर, म्हणजे तो अडकत नाही. गोल, मग आठच्या आकारात, शेवटी सरळ. बोळा टेकवताना आणि उचलताना चालताच हवा. थांबला की तिथे डाग. कडांवर दाब कमी ठेवा, पॉलिश सगळ्यात आधी तिथूनच उडतं. एका बैठकीत आठ-दहा मिनिटं, मग सहा-आठ तास विश्रांती. अशा तीन बैठका पुरतात. शेवटी जवळजवळ कोरड्या बोळ्यात चार थेंब नुसतं स्पिरिट घेऊन सरळ हात फिरवला की तेलाची झाक निघून जाते.

पांढुरके डाग इथेच पडतात. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि थरात अडकते. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर असेल तर काम करू नका. बरणी उघडी राहिली तर स्पिरिटही हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि मग कोरड्या दिवशीही डाग येतात. तुमच्या आत्ताच्या पेटीवरचे डाग खरवडायची गरज नाही. कोरडा दिवस बघा, ताज्या स्पिरिटाचे दोन-तीन थेंब बोळ्यावर घेऊन डागावरून झरझर फिरवा. वरचा थर मऊ होऊन ओल निघते. एका फेऱ्यात गेला नाही तर तासाभराने दुसरा.

आठवडाभर थर कडक होऊ द्या. मग १०० मिली टर्पेंटाइनमध्ये ३० ग्रॅम मधमाश्यांचं मेण, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून, आच बंद करून विरघळवलेलं. पातळ लावा, वीस मिनिटांनी सुती कापडाने चोळा. पेटीला रोज ओले हात लागणार असतील तर चपडा अपुरा. त्यावर पाण्याचे वर्तुळाकार डाग पडतात. तिथे मेण काढलेल्या चपड्याचा एक हात आणि त्यावर पातळ केलेल्या पीयूचे (पॉलियुरेथेन वॉर्निश) तीन हात द्या. पीयू सरळ सागवानावर लावलं तर लाकडातलं तेल ते नीट सुकू देत नाही. मधला चपड्याचा हात त्यासाठी, आणि तो मेण काढलेलाच हवा, कारण साध्या चपड्यातल्या मेणावर पीयू पकड घेत नाही.

आत चांदी ठेवायची असेल तर लोकरी फेल्ट आणि रबरी चिकटद्रव्य दोन्ही टाळा. त्यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते. सुती मखमल जाड कागदावर पांढऱ्या गोंदाने चिकटवून तो तुकडा तळाशी नुसता बसवा, म्हणजे मळल्यावर काढून बदलता येतो.